सहा दिवसांत लंका किती पाहावी ?

मध्यम स्थितींतील सुशिक्षित कुटुंबांना परदेशगमन आतां पूर्वीइतकें दुर्लभ राहिलेलें नाहीं. मुलांच्या शाळेची सुटी, कर्त्या माणसांची रजा आणि घरांतील वडील मंडळींची प्रकृति ह्या तिहींचा मेळ बसून सहासात दिवस मोकळे सांपडले, म्हणजे "यंदा कोठें तरी बाहेरच्या देशीं जाऊं या" असा प्रस्ताव पुढें येतो आणि बहुधा तो एकमतानें संमतहि होतो. खरा वाद त्यानंतर सुरू होतो. कोठें जावें हें ठरतें. किती पाहावें हें मात्र ठरत नाहीं. प्रवासाची यादी बेरजेनें वाढत जाते. वजाबाकीचें अप्रिय काम घरांतील कोणीच पत्करीत नाहीं. प्रस्तुत लेखांत ह्या वजाबाकीचाच विचार करावयाचा आहे.

विचार निराधार राहूं नये म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं : देश श्रीलंका, मुक्काम सहा रात्रींचा आणि तेथील सर्व प्रवास मोटारीनें. मुंबईहून विमानानें अवघ्या अडीच तासांची वाट. २००६ पासून तेथील प्रमाणवेळ आपल्याच प्रमाणवेळेशीं जुळती. वाहनें आपल्यासारखींच रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालणारीं. मुख्य अन्न भात. आणि रामकथेमुळें नांव तर बाळपणापासून ओळखीचें. एकत्र कुटुंबानें परदेशाचा पहिला अनुभव घ्यावयास इतका सोयीचा देश क्वचितच सांपडेल. परंतु जेथें सर्व कांहीं जवळचें व सोपें वाटतें तेथेंच माणूस हिशेबांत चुकतो.

नकाशाची भूल

लंकेचें क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारें एकपंचमांश. दक्षिणोत्तर लांबी सुमारें ४३० किलोमीटर आणि रुंदी सुमारें २२५. हे आंकडे ऐकले कीं तरुण मंडळी म्हणतात, "एवढेंसें तें बेट, सहा दिवसांत सबंध पाहून होईल !" मग यादी तयार होते ती अशी : विमानतळावरून अनुराधपूर, मिहिंतले, दंबुल्ला, सिगिरिया, पोलोन्नरुव, कँडी, नुवर एळिय, एल्ल, यालचें अभयारण्य, गॉल आणि शेवटीं कोलंबो. अकरा स्थळें, सहा रात्री.

ह्या यादींतील अंतरांची बेरीज केली तर ती सुमारें हजार किलोमीटर भरते. मुंबई-पुणें द्रुतगति महामार्गाची संवय झालेल्यांस हजार किलोमीटर म्हणजे बारातेरा तासांचें काम वाटेल. लंकेंतहि तसे मार्ग आहेत; कोलंबोहून दक्षिणेस जाणारा द्रुतगतिमार्ग २०११ सालीं खुला झाला आणि विमानतळाचा २०१३ सालीं. तथापि यादींतील बहुतेक स्थळें उत्तर-मध्य भागांत किंवा डोंगरांत आहेत. तिकडचे रस्ते चांगले असले तरी बहुतांशीं दुपदरी. वस्तीबाहेर मोटारीस ताशीं ७० किलोमीटरांची आणि वस्तींत ५० ची मर्यादा. आणि वस्ती तर रस्त्याच्या कडेकडेनें मैलोगणती लागलेली. पुढें बस, बाजूला तीनचाकी, समोरून शाळा सुटलेलीं शुभ्रवस्त्रधारी मुलें. अशा स्थितींत ताशीं सरासरी ४० किलोमीटर धरणें हाच उदारपणा होय. डोंगरांत ती याहूनहि खालीं येते. कँडीहून नुवर एळिय हें गांव पाऊणशें किलोमीटरांच्या आसपास आहे. परंतु कँडी समुद्रसपाटीपासून सुमारें ५०० मीटरांवर आणि नुवर एळिय सुमारें १,८७० मीटरांवर. तेवढा घाट चढण्यास तीन तास सहज लागतात.

म्हणून मोटारीच्या प्रवासांत अंतर किलोमीटरांत विचारूं नये, तासांत विचारावें. विचारावयाचें तें नकाशास नव्हे, तेथल्या चालकास.

घड्याळाचा हिशेब

आतां हाताशीं वेळ किती तें पाहूं. लंका विषुववृत्ताच्या उत्तरेस सहा ते दहा अंशांच्या दरम्यान आहे. त्यामुळें तेथें दिनमान वर्षभर सुमारें बारा तासांचें असतें. सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस ह्यांत तासाभराचेंहि अंतर पडत नाहीं. उन्हाळ्यांत गेलों तर दिवस पुष्कळ मोठा मिळेल अशी आशा तेथें करतां येत नाहीं. सहा रात्रींच्या मुक्कामांत जाण्याचा व येण्याचा दिवस सोडला तर पुरे दिवस पांच, म्हणजे उजेडाचे तास साठ.

ह्या साठांतून हजार किलोमीटरांचे पंचवीस तास वजा करा. राहिले पस्तीस. न्याहारी, जेवण, दुपारची विश्रांति, सामानाची बांधाबांध ह्यांस रोजचे तीन धरले तरी पंधरा गेले. राहिले वीस, आणि पाहावयाचीं स्थळें अकरा. प्रत्येकास दोन तासहि येत नाहींत !

दोन तासांत अनुराधपूर पाहावयाचें म्हणजे काय ? हें नगर बाराशें वर्षांहून अधिक काळ सिंहली राजांची राजधानी होतें. अशोककन्या संघमित्रेनें ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत बोधगयेहून आणलेल्या शाखेपासून वाढलेला बोधिवृक्ष तेथें आजहि पूजिला जातो. महासेन राजानें बांधावयास घेतलेला जेतवनाचा स्तूप मूळचा सुमारें १२२ मीटर उंच होता; त्याच्या काळीं गिझाच्या दोन पिरॅमिडांखालोखाल जगांतील सर्वांत उंच बांधकाम तेंच. हीं स्थानें एका आवारांत नाहींत. कित्येक चौरस किलोमीटरांत विखुरलेलीं आहेत. प्रत्येक पवित्र स्थानापाशीं पादत्राणें काढावीं लागतात व टोपी उतरावी लागते. भर दुपारीं ती दगडी फरसबंदी इतकी तापते कीं पाऊल टेकवत नाहीं. म्हणून जाणते लोक सकाळीं किंवा उन्हें कलल्यावर जातात. ज्याचा हिशेब दोन तासांचा आहे त्यास सकाळ-संध्याकाळ निवडण्याची मुभा कोठून ? तो दुपारीं बारा वाजतां पोंचतो, पाय भाजून घेतो, बोधिवृक्षाचें एक छायाचित्र काढतो आणि गाडींत येऊन बसतो. घरीं आल्यावर तो "अनुराधपूर पाहिलें" असें म्हणतो, आणि तें खोटेंहि नसतें.

गाडी एक, वयें चार

एकट्या प्रवाशाची चूक त्याची त्यालाच भोंवते. एकत्र कुटुंबाची गोष्ट निराळी. गाडी एक असते, पण तींत पंचाहत्तर वर्षांची आजी, पंचेचाळिशीचा मुलगा व सून, महाविद्यालयांतील नात आणि दहा वर्षांचा नातू असतो. यादी बहुधा मुलगा व नात करतात आणि ती त्यांच्या पायांच्या मापाची असते. सिगिरियाचा खडक भोंवतालच्या सपाटीवर सुमारें १८० मीटर उभा आहे आणि माथ्यावर जाण्यास सुमारें बाराशें पायऱ्या आहेत. मिहिंतलेच्या पायऱ्या १,८४०. दंबुल्ल्याच्या गुहांनाहि चढ आहेच. तीन दिवसांत हे तीन चढ आले म्हणजे आजी म्हणते, "माझें काय, मी खालीं गाडींत बसेन. तुम्ही पाहून या."

हें वाक्य आपल्या घरांतून इतक्या सहजपणें उच्चारलें जातें आणि इतक्या सहजपणें स्वीकारलें जातें कीं त्यांतील अन्याय कोणाच्या लक्षांतच येत नाहीं. दहा वर्षांच्या नातवासाठीं लंका आणखी साठ वर्षें जागच्या जागीं राहणार आहे. आजीचा हा प्रवास बहुधा पहिला आणि शेवटचा. जिला पुनः येतां येणार नाहीं तिनें गाडींत बसावयाचें आणि ज्यांना केव्हांहि येतां येईल त्यांनीं सर्व पाहावयाचें, ही वांटणी उलटी आहे. म्हणून यादी करितांना पहिली ओळ वडील माणसाच्या इच्छेची असावी. तिला बोधिवृक्षाचें दर्शन हवें असेल तर अनुराधपूरची सकाळ आधीं लिहावी आणि बाकीचा कार्यक्रम तिच्याभोंवतीं बसवावा. ह्याचा अर्थ वडिलांनीं सर्वांचे पाय बांधून ठेवावे असा नव्हे. सिगिरियाच्या पायथ्याशीं पांचव्या शतकांतील उद्यानें, जलाशय व कारंजीं आहेत. तीं सपाटीवरच आहेत. तरुणांनीं माथा गांठावा, वडिलांनीं बागेंत हिंडावें. एकाच ठिकाणीं दोघांचेंहि पाहणें होऊं शकतें. मात्र त्यास दोन तास नव्हे, सबंध सकाळ द्यावी लागते.

दुसरी बाब घरांतील स्त्रियांची. रोज नव्या गांवीं मुक्काम असला म्हणजे रोज पहांटे सामान बांधावयाचें, रोज रात्रीं तें सोडावयाचें, औषधें हाताशीं ठेवावयाचीं, ओले कपडे वेगळे करावयाचे. पुरुष हिशेबांत किलोमीटर धरतात. हे तास धरीत नाहींत, कारण ते बहुधा त्यांचे खर्च होत नसतात. पांच मुक्कामांऐवजीं दोन मोठे मुक्काम केले तर सुनेलाहि प्रवास घडतो. नाहीं तर तिला केवळ जागा बदललेला संसार घडतो.

शाकाहारी घरांस मुक्काम कमी ठेवण्याचें आणखी एक कारण आहे. लंकेंत 'परिप्पु' नांवाची डाळीची आमटी सर्वत्र मिळते, भाज्या मुबलक मिळतात. परंतु तेथील स्वयंपाकांत वाळवलेल्या माशाचा चुरा चवीसाठीं घालण्याची चाल आहे, आणि 'पोळ संबोल' ह्या नारळाच्या चटणींतहि तो पुष्कळदां असतो. शाकाहार म्हणजे काय हें प्रत्येक ठिकाणीं नव्यानें समजावून सांगावें लागतें. तीन रात्री एके ठिकाणीं राहिलें तर पहिल्या दिवशीं आचाऱ्यास एकदां नीट सांगतां येतें आणि पुढचीं जेवणें निर्धास्तपणें होतात.

सूत्र एकच असावें

वाक्याला जसें एक मुख्य क्रियापद, तसें लहान प्रवासाला एक मुख्य प्रयोजन असावें. लंकेंत अशीं तीन सूत्रें स्पष्ट दिसतात. पहिलें प्राचीन राजधान्यांचें : अनुराधपूर, पोलोन्नरुव, सिगिरिया, दंबुल्ला आणि कँडी. दुसरें डोंगर व चहामळे ह्यांचें : कँडीच्या दक्षिणेस नुवर एळिय व एल्लपर्यंत. तिसरें समुद्राचें : नैर्ऋत्य किनारा आणि पोर्तुगीजांनीं आरंभिलेला व डच लोकांनीं वाढविलेला गॉलचा किल्ला. सहा रात्रींत एक सूत्र पुरें होतें आणि दुसऱ्याचें टोंक हातीं लागतें. तिन्ही धरूं गेलों तर एकहि हातीं राहत नाहीं.

आपल्या घरांतून चौथें सूत्र निघतेंच, तें रामायणाचें. नुवर एळियजवळचें सीता एळिय, चिलावजवळचें मुन्नेश्वर इत्यादि स्थानें ह्या निमित्तानें दाखविलीं जातात. रावणाची लंका ती हीच काय, हा विद्वानांचा जुना वाद आहे. सरदार माधवराव किबे ह्यांनीं ती अमरकंटकाच्या परिसरांत मानिली होती आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील पुरातत्त्वज्ञ डॉ. हसमुख सांकलिया ह्यांचाहि कौल मध्य भारताकडेच होता. ज्यास श्रद्धेनें जावयाचें आहे त्यानें ह्या वादाची चिंता करूं नये. एका देवळांत शांतपणें बसून यावें. परंतु रामायणाच्या नांवानें बेटाच्या चारी कोपऱ्यांस धांवत सुटणें म्हणजे भक्ति नव्हे. तीहि एक यादीच.

एक आंखणी

पहिलें सूत्र धरून एक आंखणी पुढें ठेवितों. पहिली रात्र विमानतळाजवळ नेगोंबो येथें. दुसऱ्या दिवशीं सुमारें १५० किलोमीटर जाऊन दंबुल्ला अथवा सिगिरियाच्या परिसरांत बिऱ्हाड करावें. तेथें तीन रात्री. त्याच दिवशीं उन्हें उतरल्यावर दंबुल्ल्याच्या पांच गुहा पाहाव्या. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांत वळगंबा राजानें आरंभिलेलें हें गुहामंदिर बुद्धमूर्तींनीं आणि भित्तिचित्रांनीं भरलेलें आहे. तिसऱ्या दिवशीं उजाडतांच सिगिरिया. काश्यप राजानें (इ. स. ४७७ ते ४९५) त्या खडकावर आपली राजधानी कां व कशी वसविली हें मुलांना आदल्या रात्रीं सांगून ठेवावें. त्या दिवसाची दुपार व संध्याकाळ मोकळी.

चौथा दिवस सबंध एका राजधानीस द्यावा, आणि येथें वजाबाकीची खरी कसोटी आहे. अनुराधपूर कीं पोलोन्नरुव ? दोन्ही बिऱ्हाडापासून साठपांसष्ट किलोमीटरांच्या आंत आहेत आणि "एक सकाळीं, एक दुपारीं" असा मोह होतो. तो आंवरावा. घरांत वडील माणसें असतील आणि त्यांना चालती पूजा, चालती परंपरा पाहावयाची असेल तर अनुराधपूर. मंडळी तरुण असेल, शिल्पाची आवड असेल तर पोलोन्नरुव, तेथील अवशेष तुलनेनें जवळजवळ आहेत, मुलांना सायकलीवरून हिंडतां येतें, चोळांच्या काळचें शिवालय आहे आणि पहिल्या पराक्रमबाहूनें (इ. स. ११५३ ते ११८६) एका अखंड पाषाणांतून कोरविलेल्या गल विहाराच्या मूर्ति आहेत. त्यांतील पहुडलेला बुद्ध सुमारें १४ मीटर लांबीचा आहे. त्याच्यापुढें अर्धा तास नुसतें बसण्याइतका वेळ ज्याच्या वेळापत्रकांत नाहीं त्यानें तेथपर्यंत जाण्याचे श्रम घेऊं नयेत.

पांचव्या दिवशीं ७२ किलोमीटरांवरील कँडी. तेथें दोन रात्री. सायंकाळीं दंतधातुमंदिरांत पूजेच्या वेळीं जावें. सिंहली राजांची ही शेवटची राजधानी १८१५ सालीं इंग्रजांच्या हातीं गेली, आपल्या शनिवारवाड्याच्या आधीं सुमारें पावणेतीन वर्षें. सहाव्या दिवशीं सकाळीं पेरादेणियाचें १८२१ सालचें वनस्पति-उद्यान. चहाचे मळे पाहण्यास नुवर एळियलाच जावें लागतें असें नाहीं. जेम्स टेलर ह्यानें १८६७ सालीं चहाची व्यापारी लागवड सुरू केली ती कँडीच्याच मुलुखांत, आणि तेथील टेंकड्यांवर चहा आजहि दिसतो. सातव्या दिवशीं सुमारें शंभर किलोमीटरांवरील विमानतळ.

ह्या आंखणींत एकंदर अंतर सव्वापांचशें किलोमीटरांच्या आसपास येतें, म्हणजे पहिल्या यादीच्या निम्में. स्थळें अकरांचीं पांच झालीं; परंतु प्रत्येकाच्या वांट्यास दोन तासांऐवजीं निदान अर्धा दिवस आला.

आणखी तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ऋतूची : नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारणतः मे ते सप्टेंबर ह्या काळांत नैर्ऋत्य किनारा व डोंगर भिजवितो, ईशान्येचा पाऊस डिसेंबर ते फेब्रुवारींत उत्तर व पूर्व भागांकडे वळतो. दुसरी तिथीची : प्रत्येक पौर्णिमेस, म्हणजे 'पोय' दिवशीं, तेथें सार्वजनिक सुटी असते, जुलै-ऑगस्टच्या सुमारास कँडींत एसल पेरहेराचा उत्सव भरतो. उत्सव पाहावयाचा असेल तर तोच दिवसाचा सर्व कार्यक्रम समजावा. तिसरी रस्त्यांची : नोव्हेंबर २०२५ मधील 'दित्वा' चक्रीवादळानें विशेषतः डोंगराळ भागांत दरडी कोसळून मोठी प्राणहानि व रस्त्यांची नासधूस झाली. घाटांतील वाट ठरविण्यापूर्वीं ताजी चौकशी करावी आणि एक अर्धा दिवस कोणासहि न दिलेला असा राखून ठेवावा.

"इतकें दूर जाऊन ?"

ह्यावर एक आक्षेप हटकून येतो. "इतका खर्च करून, इतकें दूर जाऊन, गॉल पाहिलें नाहीं ? एल्लचा पूल पाहिला नाहीं ?" खर्चाचा मुद्दा वरवर खरा वाटतो. परंतु विमानाचें भाडें पांच स्थळें पाहिलीं तरी तेवढेंच आणि अकरा पाहिलीं तरी तेवढेंच. तें परत मिळविण्याच्या हव्यासांत आपण जें खर्च करतों तें पैशांहून दुर्मिळ असतें, म्हणजे तीन पिढ्यांनीं एकत्र, निवांतपणें घालविलेले तास. घरीं ते मिळत नाहींत म्हणूनच तर आपण बाहेर पडतों.

नीट शोध घेतला तर असें दिसेल कीं यादी डोळ्यांच्या भुकेनें फार वाढत नाहीं. परत आल्यावर शेजारीपाजारी काय विचारतील ह्या धास्तीनें वाढते. शितावरून भाताची परीक्षा, असें आपण म्हणतों. संस्कृतांत ह्यालाच स्थालीपुलाकन्याय म्हणतात. सबंध भात उपसून पाहण्याची जरूर नसते. मात्र तें एक शीत बोटांनीं दाबून नीट पाहावें लागतें; भांड्यावरून धांवतां धांवतां परीक्षा होत नाहीं.

एक साधी रीत शेवटीं सुचवितों. निघण्यापूर्वीं सर्वांनीं एकत्र बसून दोन याद्या कराव्या : एक पाहावयाच्या स्थळांची आणि दुसरी बुद्ध्या वगळलेल्या स्थळांची. दुसरींत प्रत्येक नांवापुढें वगळण्याचें कारण एका ओळींत लिहावें. "मिहिंतले : पायऱ्या फार, आजीला झेपणार नाहींत." "याल : अंतर फार." "गॉल : सूत्र निराळें, नातीनें पुढें आपल्या मिळकतींतून पाहावें." असें लिहिलें म्हणजे तीं स्थळें हुकलीं असें वाटत नाहीं, तीं राखून ठेविलेलीं वाटतात. आणि पहिल्या यादीच्या अगदीं वरची ओळ आजीच्या हातानें लिहवून घ्यावी.